प्रश्न तुमचे : राजकीय सल्लागार नेमकं करतो काय?

मागच्या अंकात परराष्ट्र सेवेवरचा लेख आला आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी त्यातला एकच शब्द उचलला : सीनियर पोलिटिकल ॲडव्हायझर. म्हणजे कोण, तिथे पोचायचं कसं, आणि एवढं करून युद्धं थांबतात का? परराष्ट्र सेवेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे यूएनच्या, राजकीय विभागात काम केलेल्यांनी ही उत्तरं दिली आहेत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

टीव्हीवर राजदूत दिसतात, मंत्री दिसतात. हा वरिष्ठ राजकीय सल्लागार कुठेच दिसत नाही. सकाळी ऑफिसात जाऊन तो करतो काय? — माध्यमिक शिक्षक, फोंडा

लिहितो. निम्मा दिवस लिहिण्यात जातो, उरलेला लिहिण्याजोगं काही कानावर पडावं म्हणून माणसांना भेटण्यात. वाटाघाटींच्या टेबलाशी बसायची वेळ क्वचित येते, आणि आली तरी खुर्ची मागच्या रांगेतली, हातात वही.

सकाळी स्थानिक वर्तमानपत्रं, रेडिओ आणि समाजमाध्यमांचा गोषवारा हाती येतो. मग मिशनप्रमुखाची, म्हणजे दूतावासाच्या किंवा यूएन मोहिमेच्या प्रमुखाची, बैठक. तिथे सल्लागाराला दोन-तीन मिनिटं मिळतात. काल काय घडलं ते सगळ्यांनी वाचलेलं असतं, तेच पुन्हा सांगणारा नवखा. कालच्या घटनेमुळे आज कुणाचं गणित बदललं, ते सांगायचं. नंतर भेटी : पक्षाचा सरचिटणीस, व्यापारी संघाचा अध्यक्ष, बिशप, इमाम, एखादा निवृत्त पोलिस अधिकारी. भेटीचं टिपण त्याच दिवशी लिहायचं, कारण दुसऱ्या दिवशी माणसाचे शब्द विसरतात आणि आपले शब्द त्याच्या तोंडी जातात. संध्याकाळी मुख्यालयाला अहवाल. यूएनमध्ये त्याला कोड केबल म्हणतात.

या सगळ्याचं सार असतं दोन पानी टिपणात. काय झालं, आत्ताच का झालं, पुढे काय होऊ शकतं आणि आपण काय करावं, या क्रमाने ते जातं. पहिला भाग चार ओळींत आटपावा. दुसऱ्यात सल्लागाराची किंमत कळते. तिसऱ्यात दोन किंवा तीन शक्यता, आणि प्रत्येकीखाली ‘हे दिसलं तर समजा गाडी या रस्त्याला लागली’ अशा तीन-चार खुणा. चौथ्यात सल्ला, आणि तो करता येण्याजोगा हवा. ‘सर्व संबंधितांनी संयम बाळगावा’ हा सल्ला नव्हे, ती प्रार्थना.

कच्चं आणि पक्कं टिपण यांतला फरक एका काल्पनिक वाक्यावर पाहा. कच्चं : ‘उत्तरेकडच्या जिल्ह्यात परिस्थिती तणावपूर्ण आहे.’ पक्कं : ‘मंगळवारच्या बाजाराला डोंगराकडून एरवी वीसेक ट्रक येतात, या वेळी तीन आले. नाक्यावर पैसे मागतात, असं दोन चालकांनी वेगवेगळं सांगितलं. नाका कुणाचा, यावर मतभेद.’ दुसऱ्यात ‘तणाव’ हा शब्दसुद्धा नाही, पण वाचणाऱ्याला उद्या काय विचारायचं ते कळतं. चालकांची नावं मात्र टिपणात येता कामा नयेत. अहवाल फुटतात, आणि फुटले की माहिती देणाऱ्याचा जीव जातो.

शक्यतेच्या शब्दांचीही शिस्त असते. ‘बहुधा’ म्हणजे शंभरात साठ की नव्वद? ते ऑफिसात आधी ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर लिहिणाऱ्याचं ‘शक्य आहे’ वरच्या मजल्यावर ‘होणार’ होऊन बसतं.

प्रमुखाच्या भेटीआधी बोलण्याचे मुद्दे द्यायचे असतात. पान एकच. वर पाच-सहा मुद्दे, त्याखाली ‘समोरच्याने विषय काढला तरच’, आणि तळाशी ‘हे बोलायचं नाही’. तळाचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बिघडतं कुठे? बहुतेकदा वर जाताना. टिपण तीन टेबलांवरून जातं, प्रत्येक टेबल एकेक टोक घासून गुळगुळीत करतं, आणि शेवटी उरतं ते कुणालाच न खुपणारं पान. अनुभवी सल्लागार म्हणून मुख्य इशारा पहिल्या दोन ओळींतच ठेवतो, कारण तिथे कात्री चालवायला सहसा कुणी धजत नाही.

मी टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. घरी कोकणी, शाळा मराठी, इंग्रजी ठीकठाक. या पदापर्यंत पोचायला कुठून सुरुवात करू? साखळीत राहून सराव तरी कसा करायचा? — विद्यार्थिनी, साखळी

रस्ते दोन, आणि दोन्ही लांबचे.

पहिला भारतीय परराष्ट्र सेवेचा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. खुल्या गटाला वय २१ ते ३२ आणि ६ प्रयत्न. पूर्वपरीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, पण मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत किंवा कोकणीत लिहिता येतात. निवड झाली की प्रशिक्षण, मग एक परकी भाषा वाट्याला येते, आणि ती परीक्षा पास व्हावीच लागते. दूतावासाच्या राजकीय शाखेतली पहिली काही वर्षं म्हणजे वर सांगितलेली टिपणंच.

दुसरा यूएनचा. तिथल्या पायऱ्या पी-२ पासून पी-५ पर्यंत, वर डी-१ आणि डी-२ (पी म्हणजे प्रोफेशनल, डी म्हणजे डायरेक्टर). सीनियर पोलिटिकल अफेअर्स ऑफिसर, म्हणजे आपला वरिष्ठ राजकीय सल्लागार, पी-५ ला असतो. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि साधारण १० वर्षांचा संबंधित अनुभव मागतात, पी-४ ला ७, पी-३ ला ५. पदव्युत्तर नसेल तर पदवीवर दोन वर्षं जास्तीचा अनुभव चालतो. थेट पी-५ वर कुणी उगवत नाही. तळाशी शिरायला यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम नावाची परीक्षा आहे : पदवी हवी, वय ३२ किंवा कमी, इंग्रजी किंवा फ्रेंच पक्की. कोणत्या देशांचे उमेदवार पात्र आणि कोणते विषय, हे दर वर्षी बदलतं, म्हणून जाहिरात वाचल्याशिवाय अभ्यासाला बसू नकोस. यूएन व्हॉलंटियर ही दुसरी फट. एक कटू गोष्टही सांगून टाकतो : २०२५ पासून यूएनचा खिसा फाटलेला आहे, पदं कमी होत आहेत. फक्त त्याच एका दारावर उभी राहू नकोस. संशोधन संस्था, मदतसंस्था आणि निवडणूक निरीक्षणातही राजकीय विश्लेषणाचं काम असतं, आणि ती वर्षं पुढे मोजली जातात.

आता साखळीतला सराव. रविवारी जवळच्या एखाद्या पंचायतीच्या ग्रामसभेला जा. मागे बस, बोलू नकोस. घरी येऊन एका पानात लिही : कोण काय म्हणालं, कोणता विषय कुणी मुद्दाम टाळला, पुढच्या सभेत काय पेटेल. पुढच्या सभेनंतर तेच पान काढून तपास. तुझा अंदाज किती वेळा चुकला याची पेन्सिलीने नोंद ठेव. सहा महिन्यांत जे शिकशील ते कोणत्याही सर्टिफिकेट कोर्सात मिळणार नाही.

त्यापुढचा धडा तुझ्या दाराशीच वाहतो. म्हादईचं पाणी घे. कर्नाटकाला ते मलप्रभा नदीकडे वळवायचं आहे, गोव्याचा विरोध आहे. लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला, निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. हे आकडे म्हणजे भूमिकांवरचा निकाल. सल्लागार भूमिकेखालची गरज खणतो. कागदाच्या डाव्या बाजूला लिही, कोण काय मागतं : ‘पाणी वळवू द्या’, ‘एक थेंब देणार नाही’. उजव्या बाजूला, का मागतं : हुबळी-धारवाडला नळाला पाणी हवं, मलप्रभेचा शेतकरी कर्जात आहे, इकडे खांडेपारवर ओपाचा प्रकल्प अख्ख्या फोंडा-तिसवाडीला पाजतो, उन्हाळ्यात खारं पाणी मांडवीतून आत चढतं, अभयारण्य आहे. मग तिसरा रकाना : यातली कोणती गरज पाणी न वळवता भागते? तू गोव्याची, म्हणून उजवी बाजू आपल्या सोयीने लिहिली जाईल. तिथेच परीक्षा आहे. कर्नाटकातल्या खानापूरच्या माणसाने वाचली तर ‘हो, आमचं म्हणणं हेच’ असं तो म्हणाला पाहिजे.

गोव्यात पोर्तुगीज शिकायची सोय आहे. आंतरराष्ट्रीय कामात तिचा उपयोग होतो का, की फ्रेंचच शिकावी? — ग्रंथपाल, मडगाव

पोटासाठी फ्रेंच, वेगळेपणासाठी पोर्तुगीज.

यूएनच्या अधिकृत भाषा सहा : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. पोर्तुगीज त्यात नाही. सचिवालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, आणि काँगो, मध्य आफ्रिका, साहेल, हैती इथल्या जागांना फ्रेंच नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. बी-२, म्हणजे युरोपीय मोजमापातली मध्यमाच्या वरची पातळी, ही किमान समजा. पेपर वाचता येणं पुरत नाही, चिडलेल्या माणसाचं बोलणं मध्ये न थांबवता समजलं पाहिजे.

पोर्तुगीजचा भाव थोड्याच ठिकाणी, पण तिथे चांगला : मोझांबिक, अँगोला, गिनी-बिसाऊ, पूर्व तिमोर. मोझांबिकचं सरकार आणि रेनामो हा पूर्वीच्या बंडखोरांचा विरोधी पक्ष यांच्यात ६ ऑगस्ट २०१९ ला मापुतो करार झाला, आणि देशाच्या उत्तरेला काबो देल्गादोत २०१७ पासून बंड चालू आहे. तिथे इंग्रजीवर निभाव लागत नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीतही वर्ग चालतात. इतर भारतीय उमेदवारांना ही सोय सहज मिळत नाही.

भाषा एवढी महत्त्वाची का, त्याचा हा नमुना. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, हे त्यातलं कलम. इंग्रजी मजकुरात ‘प्रदेश’ या शब्दाआधी ‘द’ नाही, म्हणून काही जण म्हणाले, सगळे प्रदेश असं कुठे म्हटलंय? फ्रेंच व्याकरणात तिथे उपपद येतंच, त्यामुळे फ्रेंच मजकूर ‘त्या सगळ्या प्रदेशांतून’ असा वाचता येतो. वाद अजून मिटलेला नाही. आपल्या मराठीत तर ‘द’ नाहीच, म्हणजे मराठीत हा ठराव करताना ही पळवाटही सापडली नसती, आणि कदाचित ठरावही झाला नसता. पळवाट होती म्हणूनच १५ च्या १५ सदस्यांनी हात वर केले.

माझ्या मुलीच्या वडिलांचा जन्म लिस्बनला नोंदलेला आहे. मुलीने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर यूएनमध्ये जाणं सोपं होईल का? — एक आई, म्हापसा

यूएनसाठी सोपं होत नाही. एक दार बंद होतं, दोन उघडतात.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मग यूपीएससीची परराष्ट्र सेवा संपली. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड हाती आलं तरी त्यावर सरकारी नोकरी मिळत नाही. यूएन प्रत्येक कर्मचाऱ्याचं एकच नागरिकत्व धरतं, आणि पी-५ ला निवडताना अनुभव बघतं. तेव्हा तो पासपोर्ट म्हणजे गुण वाढवून देणारं सर्टिफिकेट नव्हे.

उघडणारी दारं युरोपची. युरोपीय संघाच्या परदेशांतल्या नागरी मोहिमांमध्ये राजकीय सल्लागाराची पदं असतात, त्या वर्तुळात त्यांना पोलॅड म्हणतात. ती मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी, आणि पुष्कळशी त्या त्या सरकारने पाठवलेल्या माणसांनी भरतात. युरोपची सुरक्षा आणि सहकार्य पाहणाऱ्या व्हिएन्नाच्या ओएससीई या संघटनेत ५७ देश आहेत, पोर्तुगाल आहे, भारत नाही. पण लिस्बनच्या परराष्ट्र खात्याने नाव पाठवायला मुलीची पोर्तुगीज फडाफडा हवी. नुसता पासपोर्ट असून ‘बों दीय’च्या पुढे गाडी जात नसेल तर उपयोग शून्य. मुलगी अजून यूपीएससीचा विचार करत असेल तर आधी ते प्रयत्न होऊ द्यात. कागदपत्रं करण्याआधी वकिलाला विचारा, एजंटाला नव्हे. लिस्बनच्या नोंदीचा नागरिकत्वावर काय परिणाम, हा कायद्याचा नाजूक भाग आहे.

नौदलात २४ वर्षं काढली, आता वय ४७. वरिष्ठ राजकीय सल्लागारासाठी अर्ज केला तर चालेल का? — निवृत्त अधिकारी, वास्को

वयाची अडचण नाही, यूएनची निवृत्ती ६५ ला. अडचण आहे ती ‘संबंधित अनुभव’ या दोन शब्दांची. चाळणारा माणूस तुमची २४ वर्षं मोजत नाही. त्यातली राजकीय विश्लेषण, वाटाघाटी, युद्धविराम देखरेख किंवा निःशस्त्रीकरणाची वर्षं किती, ते मोजतो. ती चार भरली तर पी-५ विसरा.

अर्जात हुद्दे लिहून भागणार नाही. ‘जहाजाचं नेतृत्व’ याच्या जागी लिहा : हाताखाली किती माणसं, कोणत्या देशांच्या तटरक्षकांशी कशावर बोलणी, निकाल काय लागला. सुरक्षा क्षेत्र सुधारणा (सैन्य-पोलिसांची घडी नीट बसवणं), लढवय्यांचं पुनर्वसन, सागरी गुन्हेगारी या विषयांच्या सल्लागार जागा तुम्हाला जवळच्या आहेत. यूएनच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालयाचा सागरी गुन्हेगारीवरचा कार्यक्रम आहे, आणि गिनीच्या आखातातल्या देशांची चाचेगिरीविरुद्धची २०१३ ची याउंडे आचारसंहिता आहे. तिथे समुद्र ओळखणारा माणूस लागतो. मुलाखतीत ‘अमुक प्रसंगी तुम्ही नेमकं काय केलंत’ असेच प्रश्न येतात. फौजेत सगळं ‘आम्ही’ असतं, तिथे गुण ‘मी’ला मिळतात. उत्तरं तशी बसवून ठेवा, संकोच वाटला तरी.

१८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत गोव्यावर युद्धविरामाचा ठराव आला, बाजूने ७ मतं पडली आणि सोव्हिएत व्हेटोने तो पडला. आपल्या पथ्यावर पडलं ते सोडा, पण प्रत्येक प्रश्न असाच अडत असेल तर संघर्ष टाळण्याच्या या सल्लागारांचा उपयोग काय? — वकील, पणजी

परिषद आणि सल्लागार यांची गल्लत होते आहे. परिषद मतं देते. सल्लागाराचं काम तिच्यापर्यंत प्रकरण जायच्या आधीचं किंवा ती अडकल्यावरचं. सनदेच्या ३३व्या कलमात वाटाघाटी, मध्यस्थी, समेट, लवाद अशी यादी आहे. ती राबवायला मताधिक्य लागत नाही, दोन्ही बाजूंचा होकार लागतो.

नेपाळ घ्या. २००६ मध्ये माओवादी आणि सरकार बोलायला तयार झाले, पण शस्त्रांवर घोडं अडलं. बंडखोर म्हणत, शस्त्रं टाकली तर ती शरणागती. सरकार म्हणे, बंदुका खांद्यावर घेऊन निवडणूक कशी होईल? तोडगा शब्दांत आणि लोखंडात निघाला. करारात ‘निःशस्त्रीकरण’ हा शब्द न घेता ‘शस्त्रांचं आणि सैन्यांचं व्यवस्थापन’ म्हटलं. ९ ऑगस्ट २००६ ला दोन्ही बाजूंनी यूएनला एकाच मजकुराची, पण वेगवेगळी पत्रं पाठवली, म्हणजे कुणी कुणाच्या कागदावर सही केली असं झालं नाही. मग ७ मुख्य छावण्या आणि २१ उपछावण्या. शस्त्रं कंटेनरमध्ये, कुलूप लावलेलं, किल्ली माओवाद्यांकडेच. पण कंटेनरला सायरन जोडलेला आणि पहारा यूएनचा, चोवीस तास. नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं तशीच बंद केली. नोंद झाली ३,४७५ शस्त्रांची, पडताळणीत टिकले १९,६०२ लढवय्ये. किल्ली तुमच्याकडे, आवाज आमच्याकडे, ही त्यातली मेख. चूकही सांगितली पाहिजे : यातले किती जण सैन्यात घ्यायचे, हा प्रश्न पुढे ढकलला, आणि मिशन जानेवारी २०११ मध्ये निघून गेलं तरी तो २०१२ पर्यंत रेंगाळला. कठीण कलम ‘नंतर बघू’ म्हणून सोडलं की ते व्याजासकट परत येतं.

गॅम्बिया आणखी ताजं. १ डिसेंबर २०१६ ला याह्या जामे निवडणूक हरले, आधी हार मानली, आठवडाभरात फिरले. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास संघटनेने एका हाताने वाटाघाटी चालवल्या, दुसऱ्याने सीमेवर सैन्य उभं केलं. यूएनचं डाकारचं राजकीय कार्यालय सोबत होतं. विजयी उमेदवार आदामा बारो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला डाकारच्या गॅम्बियन दूतावासात झाला, आणि २१ला जामे देश सोडून गेले. शेजारी एकमताने उभे होते, सैन्याची धमकी खरी होती आणि जामेंना जायला दार उघडं ठेवलं होतं. यातलं एकही नसतं तर कोणत्याही सल्लागाराचं टिपण कामाला आलं नसतं.

उलटही घडतं. मॅसेडोनियात युद्ध पेटण्याआधीच यूएनची तुकडी ठेवली होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनच्या व्हेटोने तिची मुदत वाढली नाही, आणि २००१ मध्ये तिथे सशस्त्र संघर्ष झाला. तुकडी असती तर टळला असता, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. न घडलेल्या युद्धाचा पुरावा कोर्टात दाखल करता येत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

यूएनमध्ये राजकीय विभागात नोकरी लावतो म्हणून एक जण ‘फाइल चार्ज’ मागतो आहे. पगार डॉलरमध्ये सांगतो. द्यावे का पैसे? — वाचक, डिचोली

एक पैसा देऊ नका. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशाहीसाठी यूएन शुल्क घेत नाही. जाहिराती त्यांच्या करिअर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात, अर्ज उमेदवाराने स्वतः भरायचा असतो, आणि पत्र ‘यूएन डॉट ओआरजी’ऐवजी साध्या जीमेलवरून आलं असेल तर तिथेच समजा.

पगाराचं म्हणाल तर मूळ वेतन जगभर एकच, वर शहराच्या महागाईप्रमाणे भर पडते, आणि ठिकाण जितकं खडतर तितका वेगळा भत्ता, ए ते ई अशा श्रेणींनी. सगळ्यात खडतर ठिकाणी सहसा कुटुंब नेता येत नाही, पण दर काही आठवड्यांनी विश्रांतीची सुट्टी मिळते. तात्पुरती नेमणूक ३६४ दिवसांपर्यंतची असते आणि तिच्या पुढे हमी नसते. तुमच्या त्या एजंटाने यातलं काय सांगितलं ते विचारून पाहा, आणि आतापर्यंत काही पैसे दिले असतील तर पावती, फोन नंबर आणि संदेश जपून ठेवून सायबर पोलिसांकडे जा.